नीला आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस : एका कल्पनेचा इतिहास

वैद्यकशास्त्राच्या इतिहासांत ज्या कल्पना खऱ्या ठरल्या त्यांचे पोवाडे सर्वत्र गाइले जातात. देवीची लस, इन्सुलिन, पेनिसिलिन यांच्या कथा शाळेंतील मुलांसहि पाठ असतात. परंतु ज्या कल्पना पुष्कळ काळ खऱ्या भासल्या, हजारों रोग्यांनीं ज्यांवर आपली आशा आणि गांठचा पैसा लावला, आणि शेवटीं ज्या कसोटीस उतरल्या नाहींत, त्यांची वास्तपुस्त फारसें कोणी करीत नाहीं. वास्तविक शास्त्र कोणत्या रीतीनें विचार करतें, आणि तो विचार अर्ध्या वाटेवर सोडला असतां काय अनर्थ ओढवतो, हें अशा कल्पनांच्या इतिहासावरूनच अधिक चांगलें कळतें. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा रोग नीलांतील दोषामुळें होतो, ही कल्पना या जातीची आहे. तिचें बीज एकोणिसाव्या शतकांत पडलें. विसाव्या शतकांत तिला एकदोन वेळां अंकुर फुटला. आणि २००९ सालानंतर तिनें इटलीपासून कॅनडापर्यंत विलक्षण खळबळ उडवून दिली.

प्रथम रोगाचें स्वरूप ध्यानीं घेतलें पाहिजे. मेंदू आणि मज्जारज्जु यांतील पुष्कळशा तंतूंवर मायेलिन नांवाच्या स्निग्ध द्रव्याचें वेष्टन असतें. विजेच्या तारेवर रबराचें आवरण असावें तसें हें वेष्टन असून त्याच्या योगानें संदेश वेगानें आणि वाटेंत न गळतां पुढें जातो. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्यें हें वेष्टन ठिकठिकाणीं नष्ट होतें आणि त्या जागीं कठीण चट्टे पडतात. ‘अनेक ठिकाणची कठिणता’ असाच या नांवाचा अर्थ आहे. चट्टा कोठें पडेल याचा नेम नसल्यामुळें कोणाची दृष्टि अंधुक होते, कोणाच्या हातापायांस मुंग्या येतात, कोणाचा तोल जातो, कोणाचा मूत्राशयावरील ताबा सुटतो. आणि थकवा तर बहुतेकांच्या वांट्यास येतो. हा रोग बहुधा विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे ऐन उमेदीच्या काळांत गांठतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजांत अशा रोग्यांची संख्या सुमारें २८ लक्ष धरलेली होती.

या रोगाचा एक विशेष पुढील सर्व कथेची किल्ली आहे. बहुसंख्य रोग्यांत आरंभींचीं कित्येक वर्षें हा रोग भरतीओहोटीप्रमाणें चालतो. एखादे दिवशीं पाय जड होतात, कांहीं आठवडे तसेच राहतात, आणि मग कोणतेंहि औषध न घेतां पुष्कळसे पूर्ववत् होतात. पुढें बऱ्याच जणांत ही ओहोटी कमी कमी होत जाते आणि अपंगत्व कायमचें घर करतें. अशा रोगांत भरतीच्या वेळीं रोग्यानें जो उपाय केला असेल त्याच्या पदरीं पुढील ओहोटीचें श्रेय आपोआप पडतें. उपाय खरा कीं खोटा हें एकट्या रोग्याच्या, अथवा एकट्या वैद्याच्या, अनुभवावरून ठरवणें म्हणूनच फार अवघड होऊन बसतें.

या चट्ट्यांचीं पहिलीं चित्रें १८३८ च्या सुमारास प्रसिद्ध झालीं. ब्रिटनमधील रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्समधील झां क्रूव्हेलिए या दोघांनीं मृतदेहांच्या परीक्षेंत आढळलेले मज्जारज्जूवरील डाग आपापल्या चित्रसंग्रहांत काढून ठेवले. परंतु हा एक स्वतंत्र रोग आहे असें त्या वेळीं कोणी म्हटलें नव्हतें. तें कार्य पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील झां-मार्तें शार्को यांनीं केलें. १८६८ सालच्या आपल्या व्याख्यानांत त्यांनीं जिवंतपणीं दिसणारीं लक्षणें आणि मृत्यूनंतर आढळणारे चट्टे यांची सांगड घालून दाखविली आणि रोगाला नांव दिलें. उपायांच्या बाबतींत मात्र त्यांचे हात रितेच राहिले. चांदीचे क्षार झाले, स्ट्रिक्निन झालें. गुण कशानेंहि आला नाहीं.

शार्कोंच्या व्याख्यानांपूर्वीं पांच वर्षें, १८६३ सालीं, एडुआर्ड रिंडफ्लाइश या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें एक लहानशी गोष्ट टिपून ठेवली होती. ताजे चट्टे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना त्याला प्रत्येक चट्ट्याच्या मध्यभागीं एक बारीक रक्तवाहिनी दिसली आणि तिच्या भिंती दाहानें बदललेल्या आढळल्या. त्यावरून रोगाचें मूळ रक्तवाहिनींत असावें, असा त्यानें तर्क केला. नीलेच्या कल्पनेचें बीज तें हेंच. येथें निरीक्षण आणि तर्क हे दोन पदार्थ वेगळे ठेवले पाहिजेत. निरीक्षण अचूक होतें आणि तें आजहि अबाधित आहे. तर्क मात्र पुढें दीडशें वर्षें तपासला जावयाचा होता.

१९१६ सालीं एडिंबरो येथील जेम्स डॉसन यांनीं या चट्ट्यांचें अतिशय बारकाईनें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूच्या मध्यभागीं असलेल्या पोकळ्यांपासून निघून लहान नीलांच्या अनुरोधानें पसरणारे लांबट चट्टे त्यांनीं दाखविले. ते हाताच्या बोटांप्रमाणें दिसत असल्यामुळें आजहि क्ष-किरण विभागांतील डॉक्टर त्यांस ‘डॉसनचीं बोटें’ म्हणतात. पुढें १९६५ सालीं डेन्मार्कमधील टॉर्बेन फॉग यांनींहि चट्ट्यांचा आकार नीलांच्या मार्गास धरून असतो असें दाखविलें. यावरून नीला आणि चट्टा यांचा शेजार निर्विवाद ठरला.

परंतु शेजार म्हणजे कारण नव्हे. या दोहोंमधील अंतर ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेंतील ट्रेसी पटनम यांनीं केला. अपस्मारावरील फेनिटॉइन हें औषध ह्यूस्टन मेरिट यांच्यासह जगापुढें आणणारे पटनम ते हेच. १९३५ च्या सुमारास त्यांनीं कुत्र्यांच्या मेंदूंतील लहान नीला कृत्रिम रीतीनें बंद केल्या आणि त्यांभोंवतीं मायेलिनचा नाश झालेला दाखविला. मनुष्याच्याहि नीलांत रक्ताच्या बारीक गुठळ्या अडकून हा रोग होत असावा, असें अनुमान त्यांनीं काढलें. अनुमान खरें असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधानें रोग थांबला पाहिजे. म्हणून १९४० नंतरच्या दशकांत डायकुमेरॉल हें औषध रोग्यांस देऊन पाहण्यांत आलें. प्रारंभीं आशा वाटली. परंतु रोगाची वाट बदलली नाहीं, रक्तस्रावाचें भय मात्र कायम राहिलें, आणि हा उपाय हळूहळू मागें पडला.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टॉमस रिव्हर्स निराळ्या वाटेनें चालले होते. १९३३ ते १९३५ या काळांत त्यांनीं माकडांस मेंदूच्या ऊतींचीं इंजेक्शनें वारंवार दिलीं, तेव्हां त्या माकडांच्या मेंदूंत दाह उत्पन्न होऊन मायेलिन नष्ट झालें. बाहेरच्या शत्रूंशीं लढणारी शरीराची संरक्षक सेना स्वतःच्याच मायेलिनवर उलटूं शकते, हा विचार तेथून पुढें आला. बहुतेक संशोधक या वाटेस लागले, आणि १९९३ सालीं इंटरफेरॉन-बीटा हें रोगाच्या लाटा कमी करणारें पहिलें औषध अमेरिकेंत मान्य झालें. नीलेची कल्पना अडगळींत पडली. ऑस्ट्रियांतील फ्रान्झ अल्फोन्स शेलिंग यांच्यासारखा एखादा एकांडा शिलेदार, नीलांतून उलट वाहणाऱ्या रक्ताचा धक्का मेंदूस इजा करीत असावा, असें लिहीत होता. त्यांचा १९८६ सालचा लेख त्या वेळीं फार थोड्यांनीं वाचला.

ही अडगळ उघडली ती उत्तर इटलीमधील फेरारा येथें. तेथील विद्यापीठांतील पावलो झांबोनी हे मज्जातंतूंचे वैद्य नव्हते. पायांच्या नीला आणि त्यांच्या व्रणांवर संशोधन करणारे ते शल्यवैद्य होते. १९९५ सालीं त्यांच्या पत्नीस मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचें निदान झालें आणि त्यांचें लक्ष या रोगाकडे वळलें. पायांतील नीलांच्या झडपा बिघडल्या म्हणजे रक्त तुंबतें, त्यांतील लोह बाहेर झिरपून ऊतींत सांचतें, तेथें दाह होतो आणि व्रण पडतो, हें त्यांच्या नित्याच्या अभ्यासांतलें होतें. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या चट्ट्यांभोंवतींहि लोहाचे कण आढळतात. तेव्हां जें पायांत होतें तेंच मेंदूंत होत असेल काय, असा प्रश्न त्यांनीं २००६ सालच्या एका निबंधांत विचारला. प्रश्न वावगा नव्हता. शास्त्रांतील पुष्कळ शोध एका शाखेंतील ज्ञान दुसऱ्या शाखेंत नेल्यानेंच लागलेले आहेत.

२००९ सालीं झांबोनी आणि त्यांचे सहकारी यांनीं उत्तर प्रसिद्ध केलें, आणि तें डोळे दिपवणारें होतें. ध्वनिलहरींच्या यंत्रानें त्यांनीं ६५ रोगी आणि रोग नसलेले २३५ जण तपासले. मेंदूंतून रक्त परत आणणाऱ्या मानेंतील नीला, आणि मज्जारज्जूकडून रक्त आणणारी छातींतील ॲझायगस नीला, यांतील अडथळ्याचीं पांच लक्षणें त्यांनीं ठरविलीं होतीं. दोन किंवा अधिक लक्षणें आढळलीं तर दोष आहे असें मानावयाचें. हा दोष ६५ च्या ६५ रोग्यांत आढळला आणि २३५ निरोग्यांपैकीं एकांतहि आढळला नाहीं. या दोषास त्यांनीं जें लांबलचक नांव दिलें त्याचीं इंग्रजी आद्याक्षरें ‘सीसीएसव्हीआय’ अशीं होतात, आणि पुढील काळांत तींच सर्वतोमुखीं झालीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस उपचाराचाहि वृत्तांत आला. मांडींतील नीलेंतून एक बारीक नळी वर नेऊन, जेथें नीला अरुंद आहे तेथें छोटा फुगा फुगवावयाचा आणि वाट मोकळी करावयाची, अशी ही क्रिया होती. तिला ‘मुक्ति’ या अर्थाचें इटालियन नांव देण्यांत आलें होतें. ६५ रोग्यांवर ती करून दीड वर्षापर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यांत आलें, आणि ज्यांचा रोग लाटांनीं येतो त्यांची प्रकृति विशेष सुधारली असें सांगण्यांत आलें. परंतु मानेंतील नीला जवळजवळ निम्म्या रोग्यांत पुन्हां अरुंद झाल्या होत्या. शिवाय तुलनेसाठीं उपचार न केलेला गट नव्हता, आणि आपणांवर काय करण्यांत आलें हें रोग्यांस व वैद्यांस पूर्णपणें ठाऊक होतें. पूर्वीं सांगितलेली भरतीओहोटी लक्षांत घेतली असतां अशा अनुभवावरून काय सिद्ध होतें आणि काय होत नाहीं, हें सुज्ञांस वेगळें सांगावयास नको.

सामान्य परिस्थितींत हा वाद वैद्यकीय मासिकांच्या पानांतच चालला असता. पण २१ नोव्हेंबर १९०० नव्हे, २००९ चें युग तें! त्या दिवशीं कॅनडाच्या सीटीव्ही वाहिनीनें या ‘मुक्ति’विषयीं एक कार्यक्रम सबंध देशास दाखविला. लोकसंख्येच्या मानानें हा रोग ज्या देशांत सर्वांत अधिक आढळतो त्यांपैकीं कॅनडा हा एक आहे. चाकांच्या खुर्चींत बसलेल्या हजारों स्त्रीपुरुषांनीं तो कार्यक्रम पाहिला. इतकीं वर्षें त्यांस सांगण्यांत आलें होतें कीं रोगाचें कारण अज्ञात आहे, औषधें रोग मंद करतील पण बरा करणार नाहींत. आतां एक प्राध्यापक सांगत होता कीं नळ तुंबला आहे, तो मोकळा करा. ही गोष्ट कोणासहि समजण्यासारखी होती, आणि ती सांगणाऱ्याच्या घरींच तो रोग होता. रोग्यांनीं तिच्यावर विश्वास ठेवला यांत त्यांची मूर्खता पाहणें हा त्यांच्यावर अन्याय होय. बुडत्यानें काडीचा आधार घेतला तर दोष बुडत्यास देऊं नये.

कॅनडांतील रुग्णालयें पुराव्यावांचून ही क्रिया करावयास तयार नव्हतीं. त्यामुळें रोगी संतापले. मज्जातंतूंचे वैद्य औषधांच्या कंपन्यांचे मिंधे आहेत, असे आरोप झाले, मोर्चे निघाले, संसदेंत प्रश्न विचारले गेले. सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री ब्रॅड वॉल यांनीं २०१० सालीं प्रांताच्या तिजोरींतून चांचणीस पैसा देण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं कॅनडा आणि अमेरिका येथील रुग्णसंस्थांनीं मिळून सात संशोधनांस चोवीस लक्ष डॉलरांहून अधिक साहाय्य दिलें. परंतु संशोधनाला वर्षें लागतात आणि रोग वाट पाहत नाहीं. शेंकडों रोगी पोलंड, मेक्सिको, कोस्टारिका अशा देशांत गेले. कांहीं आपल्या हिंदुस्थानांतहि आले. दहा दहा हजार डॉलर आणि त्याहूनहि अधिक खर्च आला. कित्येकांनीं घरें गहाण ठेविलीं, कित्येकांसाठीं गांवानें वर्गणी काढली.

परत आलेल्यांपैकीं कित्येकांनीं हातांत ऊब आली, थकवा गेला, असें सांगितलें. परंतु दुसऱ्याहि बातम्या येऊं लागल्या. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें फुग्याऐवजीं स्टेंट, म्हणजे तारेच्या जाळीची नळी, नीलेंत बसविण्यांत येत होती. तेथें एका रोग्याची नळी जागेवरून सुटून हृदयांत गेली आणि ती काढण्यास हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. दुसरी एक रोगी रक्त पातळ करणारें औषध घेत असतां मेंदूंतील रक्तस्रावानें दगावली. २००९ च्या अखेरीस तेथील काम थांबविण्यांत आलें. २०१० सालीं कॅनडांतील ३५ वर्षांचा एक तरुण कोस्टारिकांत स्टेंट बसवून आला. पुढें नीलेंत गुठळी झाली, म्हणून तो पुन्हां तेथेंच गेला आणि तेथेंच मरण पावला. मे २०१२ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें मृत्यु, पक्षाघात, सुटलेले स्टेंट, इजा झालेल्या नीला यांचा उल्लेख करून सर्वांस सावधगिरीची सूचना दिली.

इकडे तपासणीचें काम चालू होतें. २०१० सालीं बर्लिनमधील संशोधकांनीं ५६ रोगी आणि २० निरोगी तपासले. झांबोनींच्या कसोटीप्रमाणें दोष ठरेल असा एकहि मनुष्य दोन्हीं गटांत मिळाला नाहीं. स्वीडनमध्यें २१ रोगी व २० निरोगी यांच्या मानेंतील रक्ताचा प्रवाह चुंबकीय चित्रणानें मोजला; भेद आढळला नाहीं. अमेरिकेंतील बफेलो येथील मंडळी झांबोनींच्या कल्पनेस अनुकूल होती. त्यांस २०११ सालीं शेंकडा ५६ रोग्यांत दोष दिसला. पण निरोग्यांपैकींहि शेंकडा २३ जणांत आणि मज्जासंस्थेचे इतर रोग असलेल्यांपैकीं शेंकडा ४२ जणांत तोच दिसला. शंभरांस शंभर आणि शून्य हे आंकडे पुन्हां कोणाच्याहि हातीं आले नाहींत.

एकाच गोष्टीची तपासणी करून इतके निरनिराळे आंकडे यावेत याचें कारण यंत्रांत नसून तपासणाऱ्यांत आणि नीलांत होतें. रोहिणी जाड भिंतीच्या आणि ताठ असतात. नीलांच्या भिंती पातळ व लवचिक असतात. मनुष्य आडवा असतां मेंदूंतील रक्त मुख्यतः मानेंतील नीलांतून उतरतें. तो उठून बसला कीं त्याच नीला चपट्या होतात आणि रक्त मणक्यांभोंवतींच्या नीलांतून वाट काढतें. यंत्राचा दांडा मानेवर किंचित् अधिक दाबला तरी नीला दबते. त्यांतून समोरचा मनुष्य रोगी आहे हें तपासणाऱ्यास अगोदर ठाऊक असेल, तर प्रामाणिक डोळ्यांसहि जें पाहावयाचें असेल तें दिसूं लागतें. म्हणून तपासणाऱ्यास रोगी कोण आणि निरोगी कोण हें कळूं न देणें, ही या संशोधनांतील मुख्य खबरदारी ठरली.

ती खबरदारी घेऊन झालेलीं दोन संशोधनें निर्णायक आहेत. कॅनडांतील अँथनी ट्राबुलसी आणि सहकारी यांनीं रोगी, त्यांचीं भावंडें आणि बाहेरचे निरोगी लोक या तिघांच्याहि नीलांत प्रत्यक्ष नळी घालून क्ष-किरणांनीं चित्रें घेतलीं, आणि निष्कर्ष २०१३ सालीं ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकांतर्फे प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक अरुंद झालेली नीला रोग्यांपैकीं शेंकडा ७४, भावंडांपैकीं ६६ आणि बाहेरच्यांपैकीं ७० जणांत आढळली. म्हणजे मानेंतील नीला कोठेंतरी अरुंद असणें ही मनुष्यजातीची सामान्य रचना आहे, रोग नव्हे! त्याच वर्षीं इटलींत अठराशेंहून अधिक लोकांचें संशोधन पुरें झालें. तेथील ध्वनिचित्रें तटस्थ परीक्षकांनीं पाहिलीं. रोग्यांत दोषाचें प्रमाण शेंकडा ३.२६, इतर मज्जाविकारांत ३.१० आणि निरोग्यांत २.१३ निघालें. त्यांतील फरक गणिताच्या दृष्टीनें अर्थहीन होता. शल्यवैद्यांस ठाऊक असलेली एक गोष्टहि याच बाजूस बोलते. घशाच्या व मानेच्या कर्करोगांत मानेंतील मोठी नीला कित्येकदां कापून काढावी लागते. त्या रोग्यांस पुढें मल्टिपल स्क्लेरॉसिस जडत नाहीं.

तरीहि एक प्रश्न उरला होता. कारण कांहींहि असो, फुग्यानें रोग्यास बरें वाटतें कीं नाहीं? याचें उत्तर लटक्या उपचाराशीं तुलना केल्यावांचून मिळत नाहीं. अशा चांचणींत कांहीं रोग्यांस खरी क्रिया आणि कांहींस केवळ नळी घालून फुगा न फुगवितां बाहेर काढण्याची क्रिया करतात. कोणास काय झालें हें रोग्यास व त्याची परीक्षा करणाऱ्यास सांगत नाहींत. बफेलो येथील २०१४ सालची चांचणी लहान होती. तींत लाभ दिसला नाहीं, उलट फुगा फुगविलेल्यांत नवे चट्टे थोडे अधिकच दिसले. कॅनडांत १०४ रोग्यांपैकीं ४९ जणांवर खरी आणि ५५ जणांवर लटकी क्रिया झाली. मार्च २०१७ मध्यें सांगण्यांत आलें कीं दोहोंत कांहींहि अंतर नाहीं.

तिसरी चांचणी इटलींत झाली आणि तिचे प्रमुख स्वतः झांबोनी होते. लाटांनीं येणारा रोग असलेल्या ११५ जणांपैकीं ७६ जणांवर खरी आणि ३९ जणांवर लटकी क्रिया करण्यांत आली. चालणें, तोल, हाताचें चापल्य, दृष्टि आणि मूत्राशयावरील ताबा यांच्या एकत्रित कसोटीवर खऱ्या क्रियेनंतर सुमारें शेंकडा ४२ रोगी सुधारले, आणि लटक्या क्रियेनंतर शेंकडा ४९. लटक्या उपचाराचे हे शेंकडा ४९ रोगी नीट पाहण्यासारखे आहेत. त्यांना वाटलेला गुण खोटा नव्हता. तो मोजून पाहिलेला होता. फक्त त्याचें श्रेय फुग्याचें नव्हतें. परदेशाहून परतलेले रोगी हातांत ऊब आली असें सांगत होते तेव्हां ते खोटें बोलत नव्हते, हेंहि याच आंकड्यानें सिद्ध होतें.

नीलेच्या कल्पनेचा असा निकाल लागला, परंतु रिंडफ्लाइशच्या निरीक्षणाचें काय? तें खोटें ठरलें नाहीं. त्याचा अर्थ बदलला. रक्तांत फिरणाऱ्या संरक्षक पेशी मेंदूंत शिरतात त्या लहान नीलांच्या भिंतींतून. म्हणून चट्टा नीलेभोंवतीं पडतो. चोर ज्या दारानें आंत आला त्या दाराजवळ मुद्देमाल सांपडावा, तसा हा प्रकार आहे. दारावर चोरीचा आरोप ठेवून तें रुंद केल्यानें चोरी थांबत नाहीं. २००४ सालीं मान्य झालेलें नातालिझुमॅब हें औषध या पेशींस नीलेच्या भिंतीस चिकटूं देत नाहीं, आणि तें रोगाच्या लाटा खरोखर कमी करतें. रोगाच्या मुळाचा शोधहि पुढें सरकला. २०२२ सालीं अमेरिकन सैन्यांतील एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून असें दिसलें कीं एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर या रोगाचा धोका ३२ पटींनीं वाढतो. हा विषाणु बहुतेक सर्व मनुष्यांत असतो आणि रोग फार थोड्यांस होतो, म्हणून इतरहि कारणें असलीं पाहिजेत. चट्ट्यामधील नीला मात्र आतां निदानास साहाय्य करते. चुंबकीय चित्रांत पुष्कळ चट्ट्यांच्या मध्यभागीं नीलेची रेघ दिसली तर रोग मल्टिपल स्क्लेरॉसिसच आहे असें मानण्यास बळ येतें, आणि २०२४ सालीं सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत या खुणेस स्थान मिळालें आहे.

या सर्व प्रकरणांत काळ, पैसा आणि कांहीं प्राण यांची हानि झाली. ज्यांनीं घरें गहाण ठेविलीं त्यांस तीं चांचण्यांच्या निष्कर्षांनीं परत मिळालीं नाहींत. चूक प्रश्न विचारण्यांत नव्हती. उत्तर तपासण्यापूर्वींच तें विकावयास मांडण्यांत होती. परंतु न्यायानें पाहतां आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या रोग्यांनीं गलबला केला म्हणूनच सरकारांनीं आणि संस्थांनीं पैसा दिला. आणि आपल्या अंगावर खरी क्रिया होईल कीं लटकी हें न कळतां शेंकडों रोग्यांनीं टेबलावर पडून राहणें पत्करलें, म्हणूनच उत्तर मिळालें. झांबोनी यांच्या शेवटच्या चांचणीचा वृत्तांत नोव्हेंबर २०१७ मध्यें बाहेर आला. ही क्रिया सुरक्षित पण बहुतांशीं निष्फळ आहे आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रोग्यांस ती करण्याची शिफारस करतां येत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि लेखकांच्या नांवांत पहिलें नांव पावलो झांबोनी यांचेंच होतें.